दोन पाट्या : मातीची आणि मासळीची

मराठीत 'पाटी' हा शब्द दोन वस्तूंना लागतो. जिच्यावर मूल पहिले अक्षर गिरवते ती एक, आणि जिच्यात मासळी रचून कोळीण ती डोक्यावर घेते ती दुसरी. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या दुआबात, आजच्या इराकच्या दक्षिण भागात, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीपासून ओल्या मातीच्या ज्या तुकड्यांवर बोरूने हिशेब टोचले गेले, त्यांना विद्वान मृत्पट्टिका म्हणत असले तरी आपल्या घरगुती बोलीत त्याही पाट्याच होत. सुमेर देशातील स्त्रिया स्वतःचा व्यापार कसा करीत, याविषयी जे काही ज्ञान आज उपलब्ध आहे ते सर्व त्या मातीच्या पाट्यांनी राखून ठेवलेले आहे. आणि ते वाचीत असता, ज्याचे बालपण पालघरात गेले अशा माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरी पाटी उभी राहिल्यावाचून राहत नाही, कारण त्या पाटीवर चाललेल्या व्यापाराचे दप्तर कोणीही राखलेले नाही.

आमच्या घरी मासळी घेऊन येणारी मावशी निरक्षर होती. आजी सैपाकघराच्या चौकटीवर कोळशाने रेघा ओढी, मावशी काहीच लिहीत नसे, आणि महिनाअखेरीस दोघींच्या हिशेबात फरक पडला तर चौकट चुकीची ठरे, मावशी नव्हे. एवढी निर्विवाद पत ज्या बाईला होती तिला खानेसुमारीच्या भाषेत काय म्हणावे, हा प्रश्न मला फार पुढे पडला. 'मच्छीमार कुटुंबातील स्त्री' हे उत्तर सोपे आहे, परंतु ते तिच्या नवऱ्याच्या धंद्याचे वर्णन आहे, तिच्या नव्हे.

स्त्रीचा स्वतःचा धंदा म्हणजे काय, याचा विचार करताना बहुतेक लेखक प्रथम भांडवल कोणाचे हे विचारतात. मला ही कसोटी फसवी वाटते. पालघरजवळच्या सातपाटीच्या बाईच्या पाटीत पडणारी मासळी नवऱ्याच्या, दिराच्या किंवा नाखव्याच्या बोटीतून येते; सुमेरच्या मद्यविक्रेतीच्या रांजणात शिजणारे यव बहुधा देवळाच्या अथवा राजवाड्याच्या कोठारातून येत; आणि आजचा कोणता मोठा कारखानदार केवळ स्वतःच्या पैशावर उभा आहे ते शोधूनच काढावे लागेल. त्यापेक्षा उधार कोण देते, हे पाहावे. जो नुसता दुसऱ्याचा माल विकतो त्याला रोखीनेच विकावे लागते. उधारी सोडण्याचा, थांबण्याचा आणि प्रसंगी बुडवून घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, तोच त्या व्यवहाराचा धनी. या आढाव्यात हीच कसोटी मी आरंभापासून अखेरपर्यंत हाती धरणार आहे.

सुमेरच्या राजावलीत एक विलक्षण नोंद आहे. कीश नगराच्या राजांच्या नावांत कूबाबा हे एका स्त्रीचे नाव येते, तिचा मूळचा व्यवसाय मद्यविक्रय असा स्पष्ट सांगितलेला आहे, कीशचा पाया तिने दृढ केला असे म्हटले आहे आणि तिच्या राज्याला शंभर वर्षे दिलेली आहेत. शंभर वर्षांचा आकडा अर्थातच पुराणाच्या मापाने घ्यावयाचा. परंतु त्या संपूर्ण राजावलीत सत्ताधीश म्हणून आलेली ही एकटीच स्त्री, आणि तिचा धंदा लपविण्याची गरज लेखनिकाला भासली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिच्या काळानंतर कित्येक शतकांनी झालेल्या बाबिलोनच्या हम्मुराबीच्या शासनात मद्यविक्रेतीसाठी स्वतंत्र कलमे आहेत, आणि ती वाचताना शासनकर्त्याला या बाईची किती धास्ती होती हे कळते. मद्याची किंमत म्हणून धान्य नाकारून मोठ्या वजनाने चांदीच घेतली, किंवा धान्याच्या मानाने मद्याचे माप कमी केले, तर तिला पाण्यात टाकावे. तिच्या घरी कारस्थानी माणसे जमली आणि तिने त्यांना पकडून राजवाड्यात नेले नाही, तर तिला देहान्त शासन. या कठोर कलमांच्या शेजारीच एक साधे, जवळजवळ प्रेमळ म्हणावे असे कलम बसले आहे : तिने एक रांजण मद्य उधार दिले असेल तर सुगीच्या वेळी तिने पन्नास सिला धान्य घ्यावे. सिला म्हणजे आजच्या मापाने अदमासे एक लिटर. ज्याला सुगीपर्यंत थांबता येते असा सावकार म्हणून कायद्याने तिला ओळखले, ही बाब माझ्या दृष्टीने कूबाबाच्या सिंहासनाहून मोठी आहे. त्याच घराण्यातल्या अम्मिसदुका या पुढच्या राजाने कर्जमाफीचा हुकूम काढला तेव्हा मद्यविक्रेतीने उधार दिलेले मद्य आणि धान्य तिला वसूल करता येणार नाही असे त्यात वेगळे लिहावे लागले; म्हणजे तिची येणी राज्याने दखल घ्यावी इतकी पसरलेली होती. कर्जमाफीत धनको कोण बुडतो याची चर्चा आपल्याकडेही होते, पण त्या चर्चेत मासळीवाली कधी आलेली मी ऐकली नाही.

मद्य हा एकच धंदा नव्हे. लगश राज्यातील गिर्सू येथे इसवी सनापूर्वी सुमारे २४०० च्या काळातील दीड हजारांहून अधिक पाट्यांचे एक दप्तर सापडले, ते ज्या संस्थानाचे आहे त्याचे नावच 'स्त्रीचे घर' असे होते आणि लुगलांदा या राजाची पत्नी बरनमतर्रा त्याचा कारभार पाहत असे. तिचे व्यापारी आखाताच्या मार्गाने दिल्मुनपर्यंत जात व तांबे आणीत. तिच्या हिशेबात शेतकरी, माळी, विणकर यांच्याबरोबर समुद्रात जाणारे मासेमारही आहेत आणि त्यांनी किती मासळी आणून भरली याच्या नोंदी आहेत. या राज्याची नांशे नावाची देवता मासळीची होती आणि अनाथ-विधवांची कैवारीही होती, हा योगायोग मला फार आवडतो. तथापि बरनमतर्रा राणी होती. राणीच्या व्यापाराला स्वतंत्र व्यापार म्हणताना जीभ जराशी अडखळते, आणि म्हणून मला तिच्याहून उम्मा नगरातील आमा-ए अधिक जवळची वाटते. अक्कडच्या साम्राज्याच्या काळातील ही बाई कोणा राजाची पत्नी नव्हती. तिचा नवराही व्यवहारी माणूस होता, परंतु जमीन, धान्य आणि धातू यांचे व्यवहार तिच्या नावावर, तिच्या गुमास्त्यांमार्फत होत आणि तिच्या खात्याच्या पाट्या वेगळ्या होत्या. पुढे सिप्पर येथील नादितू, म्हणजे सूर्यदेवाला वाहिलेल्या आणि विहारासारख्या आवारात राहणाऱ्या स्त्रिया, शेते विकत घेऊन खंडाने देऊ लागल्या. आणि इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास अश्शूर नगरातील लमस्सी ही गृहिणी घरी विणलेली वस्त्रे गाढवांच्या तांड्याबरोबर अनातोलियातील कानेश येथे असलेल्या पूशूकेन या आपल्या पतीकडे पाठवीत होती आणि त्यांच्या किमतीची चांदी मागणारी पत्रे लिहीत होती. माल पोचला, पैसा का पोचला नाही, हा त्या पत्रव्यवहाराचा सूर चार हजार वर्षांनंतरही ओळखीचा वाटतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सुमेरमधील स्त्रिया व्यापारात होत्या असे म्हटले की वाचकाच्या मनात एक सुवर्णयुग उभे राहते, ते बरोबर नव्हे. उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात देवळांच्या व राजवाड्यांच्या विणकामशाळांत हजारो स्त्रिया राबत, त्यांना महिन्याला साधारणतः तीस सिला यव शिधा म्हणून मिळे आणि पुरुष मजुराला साठ. आमा-एच्या एका पाटीमागे अशा नाव नसलेल्या स्त्रियांच्या कितीतरी पाट्या आहेत.

आपल्या देशाच्या धर्मशास्त्राने या प्रश्नाला स्पर्श केला तो उधारीच्याच वाटेने, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. बायकोने केलेले कर्ज नवऱ्याने फेडावे काय, यावर शास्त्रकारांचे सर्वसाधारण उत्तर नकारार्थी आहे. परंतु याज्ञवल्क्याने त्याला एक अपवाद केला. गवळी, कलाल, नट, परीट आणि व्याध यांच्या स्त्रियांनी केलेले ऋण त्यांच्या नवऱ्यांनी फेडलेच पाहिजे, कारण त्यांची उपजीविका या स्त्रियांवर अवलंबून आहे, असा त्याचा निर्णय आहे. या यादीत मासेमार नाही. पण मिताक्षराकार विज्ञानेश्वराने तेथे थांबून म्हटले की कारण सांगितलेले असल्यामुळे ज्यांचे जीवन स्त्रियांच्या आधीन आहे अशा इतरांनाही तोच नियम लागू, आणि त्या एका वाक्याने आमची चौकटीवरची मावशी शास्त्रात येऊन बसली. तिच्या पतीवर घर चालत नसून घर तिच्यावर चालते, हे अकराव्या-बाराव्या शतकातील एका टीकाकाराने मान्य केले! दुर्दैव असे की हेच शास्त्र कमाईच्या बाबतीत उलटे वागते. शिल्पाने किंवा कारागिरीने स्त्रीने मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व राहील असे कात्यायन सांगतो. ऋण तिचे म्हणून मान्य आणि मिळकत तिची म्हणून अमान्य, अशा विचित्र स्थितीत व्यापारी स्त्री शतकानुशतके राहिली. इंग्रजी अमलात १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला आणि विवाहितेची कमाई तिची स्वतःची ठरली, परंतु हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना तो लागू नाही असे त्याच कायद्याच्या आरंभी लिहून ठेवलेले होते. हिंदू स्त्रीला आपल्या धनावर पूर्ण स्वामित्व मिळण्यास १९५६ चा वारसा कायदा यावा लागला.

पालघरच्या या किनाऱ्याचा व्यापारी इतिहास मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जामात उषवदात याचा लेख आहे. त्यात शूर्पारक, म्हणजे आजच्या वसई तालुक्यातील सोपारे येथे त्याने केलेल्या दानधर्माचा उल्लेख येतो आणि ज्या नद्यांवर त्याने विनामूल्य तरी चालविल्या त्यांच्या नावांत दाहनुका, म्हणजे आपली डहाणूची नदी, आहे. गोवर्धनच्या कोष्टी-श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले व त्यांच्या व्याजातून भिक्षूंची व्यवस्था लावली, हेही त्याच लेण्यात वाचावयास मिळते. राजाच्या जावयाची ठेव दगडात राहिली. त्या फुकटच्या तरीतून पाटी घेऊन पलीकडे गेलेल्या बायकांना कोणाच्या लेखात जागा मिळणार होती?

झाईबोर्डीपासून खाली डहाणू, वाढवण, तारापूर, घिवली, दांडी, उच्छेळी, नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी आणि पुढे केळवे, एडवण, दातिवरे अशी ही गावांची माळ आहे, आणि तिच्यात मांगेला, वैती, कोळी या समाजांची वस्ती दाट आहे. महाराष्ट्राच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावरील मच्छीमार गावांची संख्या २०१० च्या गणनेत ४५६ भरली. या गावांतील श्रमविभाग दर्यापासून पाहिला तर पुरुषाचा दिसतो आणि किनाऱ्यापासून पाहिला तर बाईचा. भरतीच्या प्रवाहासमोर खुंटांना डोल बांधावयाची, उधाण आणि भांग यांचा हिशेब ठेवावयाचा, दालदी घेऊन पापलेटामागे खोल जावयाचे, हे काम तांडेलाचे आणि खलाशांचे. पण बोट कडेला लागली की त्या क्षणापासून मासळीवर बाईचा अंमल सुरू होतो. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, वाकटी ही तिच्या हाताखाली वेगवेगळी होतात. कोणती ओली जायची, कोणती सुकायची, कोणती घरी ठेवायची, याचा निर्णय ती उभ्या उभ्या करते. हा निर्णय चुकला तर दुपारपर्यंत माल नासतो, आणि नासलेल्या मालाला जगात कोणतेही दप्तर नाही.

बोंबील सुकविण्याची रीत ज्याने पाहिली नाही त्याने ती एकदा सातपाटीला किंवा नवापूरला जाऊन पाहावी. बांबू रोवून त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणलेल्या असतात, त्यांना वळांडी म्हणतात, आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर घालावयाची असते. मीठ नाही, चूल नाही, ऊन आणि वारा एवढेच साहित्य. पावसाळ्यात जूनपासून जुलैअखेर बोटी बंद असतात, म्हणून आगोटीला सुकी मासळी घेऊन ठेवण्याची चाल घरोघर आहे, आणि त्या दोन महिन्यांचे भांडवल म्हणजे वळांडीवरच्या बोंबलांचे आणि खळ्यात पसरलेल्या जवळ्याचे भारे होत. हा माल मनोर, कासा, विक्रमगड, जव्हार अशा आतल्या मुलखात आठवडे बाजारांना जाई आणि जातो. जुन्या पिढीच्या बोलण्यात असे येते की त्या मुलखात पैसा दुर्मीळ होता, तेव्हा सुकट देऊन भात घ्यावयाचा. आणि पावसाळ्यात दिलेल्या सुकटीचे भात पीक निघाल्यावर घ्यावयाचे. वर सांगितलेले पन्नास सिल्यांचे कलम ज्याला आठवत असेल त्याला येथे आणखी काही सांगावयास नको. फरक एवढाच की तेथे राजाने दर ठरवून दिला, येथे दोन बायकांनी ओसरीवर बसून ठरविला.

ओल्या मासळीचा मार्ग वेगळा. सातपाटीपासून पालघर स्थानक आठ-दहा किलोमीटर, तारापूर-दांडी-नवापूरपासून बोईसर त्याच बेताचे. आगगाडीने या व्यापाराला जी गती दिली तिचे श्रेय रेल्वेच्या इतिहासात कोणी मासळीवालीला दिलेले नाही, पण पहाटेच्या गाडीच्या मालडब्यात पाट्यांच्या उतरंडी रचून, पदर खोचून बसलेल्या या स्त्रियांना ज्याने पाहिले आहे त्याला कळते की तो डबा म्हणजे एक चालता बाजार असतो. विरारच्या पुढे उतरेपर्यंत कोणत्या बाजारात आज काय चढले, कोणाकडे पापलेट आहे, कोणाचे गिऱ्हाईक कोणी तोडले, याचा सर्व निकाल तेथेच लागतो. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आल्यावर हा प्रवास सुकर झाला आणि त्याबरोबर डब्यात गर्दीही वाढली. बाजारातील जागा हा या धंद्यातील खरा स्थावर ऐवज. ती जागा सासूकडून सुनेकडे, कधी आईकडून लेकीकडे जाते. तिच्यावर सातबारा नाही, खरेदीखत नाही, वहिवाट हाच पुरावा, आणि बाजाराचा ठेकेदार रोज जी पावती फाडतो तेवढाच काय तो या व्यापाराचा सरकारी कागद. त्या पावतीवर रक्कम असते. नाव नसते.

या व्यापाराचा आकार स्वातंत्र्यानंतर बदलला तो दोन दिशांनी, आणि दोन्ही दिशांना प्रगती हेच नाव आहे. पहिली दिशा यंत्राची आणि सहकाराची. बोटींना यंत्रे बसली, सुताच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली, बर्फ आला. सातपाटीच्या बांधणीच्या बोटींचे नाव मत्स्यव्यवसायाच्या ग्रंथांतून सर्वत्र झाले आणि तेथील मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी दलालांच्या पाशातून तांडेलाला सोडविले. हे सारे मला मान्य आहे, आणि सहकाराची निंदा करण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही. परंतु पापलेट परदेशी जाऊ लागले, त्याची वजनाप्रमाणे प्रतवारी होऊ लागली, संस्थेच्या काट्यावर ते तोलले जाऊ लागले आणि बोटीच्या मालकाच्या खात्यात त्याचे पैसे जमा होऊ लागले, तेव्हा एका पिढीच्या आत हा सर्वांत मोलाचा मासा बाईच्या पाटीतून उतरला. तिच्याकडे बोंबील, मांदेली आणि करंदी उरली. २०२३ साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला, त्याचा सातपाटीला योग्य तो अभिमान वाटला. तो मासा आता ज्या हातांतून जातो त्यांत बाईचे हात किती, हे त्या वेळी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. जोवर वस्तू नाशवंत, स्वस्त आणि वाट्यांनी विकली जाणारी असते तोवर ती स्त्रीची. ती टिकाऊ, महाग आणि तोलली जाणारी झाली की पुरुषाची. सुमेरमध्ये मद्याच्या धंद्यातही कालांतराने हेच झाले, असे बाबिलोनच्या पुढच्या काळातील लेखांत पुरुष मद्यविक्रेते वाढलेले पाहून वाटते.

दुसरी दिशा बोईसर-तारापूरची. १९६९ मध्ये देशातील पहिले अणुविद्युत केंद्र तारापूरला सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, रासायनिक, औषधी, कापडी आणि पोलादी कारखान्यांनी बोईसर या खेड्याचे शहर केले, आणि ओडिशापासून उत्तर प्रदेशापर्यंतचा कामगार तेथे राहू लागला. मासळीवालीच्या दृष्टीने ही गिऱ्हाइकाची पेठ होय. संध्याकाळी पाळी सुटल्यावर बोईसरच्या बाजारात जो ओघ लोटतो त्यावर कित्येक घरे चालतात. पण त्याच वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या दर्यात जाते. ज्याने गिऱ्हाईक दिले त्यानेच माल नेला, असा हा हिशेब आहे. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि २०२२ च्या जानेवारीत न्यायाधिकरणाने शंभरावर कारखान्यांना पर्यावरणाच्या हानीबद्दल भरपाई भरण्याचा हुकूम दिला. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली; आणि आता वाढवणला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे बंदर होत आहे, त्याची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला झाली. अशा प्रत्येक वेळी नुकसानीची मोजदाद होते, आणि मोजण्याच्या कलेत आपले महसूल खाते पेशवाईपासून निष्णात आहे : जमीन, घर, झाड, विहीर, अलीकडे बोट आणि जाळेही मोजतात. बाजारातील वहिवाटीची जागा, वळांडीचे अंगण, वीस गावांत पसरलेली उधारी आणि पंचवीस वर्षांची गिऱ्हाइके ही कोणत्या रकान्यात भरावयाची ते अद्याप ठरलेले नाही.

किनारा सोडून डोंगराकडे वळले की चित्र पालटते आणि मद्यविक्रेती पुन्हा आठवते. वारली, कोकणा, ठाकूर, काथोडी यांच्या मुलखात मोहाचे फूल आणि ताडाचे झाड ही घरची संपत्ती होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्याचा मक्ता सरकारने आपल्या हाती घेतला आणि परवान्याच्या दुकानावाचून ते काढणे गुन्हा झाले. १८९२ च्या मोहाच्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत नुसती फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. हम्मुराबीने मद्यविक्रेतीला पाण्यात टाकण्याची धमकी दिली होती, तरी तिचा रांजण तिच्याकडेच ठेवला होता. इंग्रज सरकारने बाईला काही केले नाही, रांजण तेवढा मक्तेदाराला दिला. आज उन्हाळ्यात महामार्गाच्या कडेला ताडगोळे, करवंदे आणि जांभळे घेऊन, पावसाच्या तोंडावर शेवळे आणि मग करटोली घेऊन ज्या आदिवासी बाया बसतात, त्यांच्या व्यापारात भांडवल शून्य आणि उधारीही शून्य. मोटारीतले गिऱ्हाईक पुन्हा येणार नसते. त्यांना मी माझ्या कसोटीवर धनी म्हणू शकत नाही, हे कबूल करताना मला कसोटीचाच थोडा संशय येतो. वारली चित्रांची गोष्टही येथेच सांगून टाकतो. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा होता आणि लग्न लावणाऱ्या धवलेरी या पुरोहित स्त्रीवाचून लग्न लागत नसे. १९७० नंतरच्या वर्षांत ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली, कागदाला किंमत आली, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या थोर प्रतिभेने ती जगभर गेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या योग्यतेविषयी शंका नाही. परंतु पापलेटाच्या बाबतीत जे झाले तेच चौकाच्याही बाबतीत झाले, एवढे नोंदवितो.

१९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे बचत गट गावोगाव पोचले, आणि त्यांच्या वह्यांमुळे प्रथमच या जिल्ह्यातील पुष्कळ स्त्रियांची नावे कोणत्यातरी खतावणीत चढली. पापड, मसाले, सुक्या मासळीची बंद पाकिटे हे धंदे त्यातून निघाले. मला या चळवळीविषयी आदर आहे, पण एक खटकते : गटातील बाईला कर्ज घेण्यास शिकविले जाते, जणू ती व्यापार आजच शिकत आहे; तिची आजी कर्ज देत होती हे शिकविणाऱ्याच्या गावीही नसते.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस, बोटी पुन्हा दर्यात जाऊन आठवडा झाला असेल, मी बोईसरच्या बाजारात संध्याकाळी उभा होतो. शेजारच्या हातगाडीवर बर्फातले रोहू-कटले रचलेले होते आणि तेथे गर्दी अधिक होती. मांदेलीचे वाटे लावून बसलेल्या एका साठीच्या बाईसमोर पैसे भरण्याच्या चौकोनी खुणेची पाटी उभी केलेली होती. ही तिसरीच पाटी. तिच्यावरचे खाते मुलाच्या नावाचे, आणि पैसे जमा झाल्याचा आवाज त्याच्या फोनवर, कोठेतरी कारखान्यात, होत होता. कामावरून आलेल्या एका परप्रांतीय मुलाने दोन वाटे घेतले, फोन धरला, पुन्हा धरला, तार लागेना. खिशात सुटे पैसे नव्हते. मासळी परत ठेवण्यासाठी तो वाकला तेव्हा बाईने पिशवीला गाठ मारून ती त्याच्या हातात दिली. त्याचे नाव तिने विचारले नाही, कोठे लिहूनही घेतले नाही. फक्त एकदा तोंडाकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "ने आता. उद्या दे."